तात्या टोपे राजद्रोही कुणाचे? एका पाठलागाची हकीकत

दर वर्षी १८ एप्रिलला शिवपुरीला तात्या टोप्यांच्या स्मारकापाशी माणसं जमतात. ग्वाल्हेरहून आम्हीही काही जण जातो. मागच्या खेपेस आमच्याबरोबर कॉलेजात शिकणारा एक मुलगा होता. परतीच्या बसमध्ये त्यानं मला विचारलं, "काका, तात्यांवर राजद्रोहाचा खटला झाला म्हणता. पण राजा कोण? शिंदे की इंग्रज की पेशवे?"

मी काहीतरी उत्तर दिलं, पण ते माझं मलाच पटलं नाही. त्याला आणखी एक कारण होतं. आमचे पूर्वज शिंदे सरकारच्या दफ्तरात कारकून होते. १८५८ च्या जूनमध्ये जयाजीराव महाराज आग्र्याला निघून गेले, तेव्हा आपलं घर महाराजांच्या बाजूचं होतं, असं घरात सांगत. त्याच घरात आजी मात्र तात्यांचं नाव निघालं की हात जोडायची. दोन्ही गोष्टी एका छपराखाली सुखानं नांदत होत्या. लष्करातल्या, म्हणजे आमच्या ग्वाल्हेरच्या लष्करातल्या, बऱ्याच मराठी घरांत हीच तऱ्हा असेल. इंदूर-वडोदऱ्याच्या मंडळींनाही हे ओळखीचं वाटेल.

म्हणून हा पाठलाग पहिल्यापासून नीट मांडून पाहावा असं ठरवलं. लढायांची यादी देण्याचा हेतू नाही. सरकार एका माणसाच्या मागे साडेनऊ महिने का धावलं, तो का सापडत नव्हता, शेवटी कसा सापडला, आणि ज्या गुन्ह्यासाठी फाशी दिली तो गुन्हा नेमका कुणाविरुद्धचा, एवढंच पाहायचं आहे.

पाठलाग सुरू होतो

१ जून १८५८ रोजी मोरारजवळ शिंद्यांची फौज तात्या टोपे, राणी लक्ष्मीबाई आणि रावसाहेब यांच्यासमोर उभी राहिली आणि त्यातले बहुतेक लोक त्यांनाच जाऊन मिळाले. महाराज धोलपूरमार्गे आग्र्याला गेले. शहर, किल्ला, खजिना, सगळं पेशव्यांच्या नावानं ताब्यात आलं. फुलबागेत दरबार भरला आणि रावसाहेबांनी नानासाहेब पेशव्यांच्या वतीनं मानाचा स्वीकार केला. पण हे दिवस मोजकेच. १७ जूनला कोटा-की-सरायजवळ राणी पडली, पुढच्या दोन-तीन दिवसांत सर ह्यू रोजनं शहर आणि किल्ला परत घेतला आणि महाराज पुन्हा आपल्या राजवाड्यात आले. त्यापाठोपाठ जावरा-अलीपूरला नेपियरनं तात्यांच्या उरल्यासुरल्या फौजेला गाठून २५ तोफा काढून घेतल्या.

सरकारच्या हिशोबानं बंड इथं संपलं होतं. तोफा नाहीत, किल्ला नाही, राणी नाही. राहिले होते दोघे. एक रावसाहेब, म्हणजे नानासाहेबांचे पुतणे. दुसरे तात्या, येवल्याच्या पांडुरंगपंतांचे चिरंजीव, लहानपणीच बापाबरोबर बाजीरावांच्या आश्रयाला बिठूरला गेलेले. जूनच्या शेवटी चंबळ ओलांडून ही जोडी राजपुतान्यात शिरली आणि पाठलाग सुरू झाला.

पकडणं का जमत नव्हतं

इंग्रजांच्या फौजा कमी नव्हत्या. नसिराबादेहून रॉबर्ट्स, ग्वाल्हेरहून नेपियर, सिप्रीहून स्मिथ, महूहून मिशेल, निमचहून पार्क; शिवाय होम्स, सॉमरसेट, शॉवर्स असे कितीतरी. तारायंत्र हाताशी होतं. तरी हरबार तात्या निसटत. त्याची कारणं साधी आहेत.

पहिलं कारण ओझ्याचं. गोऱ्या फौजेबरोबर तंबू, दाणापाणी, दवाखाना, बैलगाड्या. तात्यांच्या लोकांबरोबर घोडं, तट्टू आणि अंगावरचे कपडे. पावसाळ्यात माळव्याच्या काळ्या मातीत गाडीचं चाक रुतलं की आख्खी फौज थांबते. तट्टू थांबत नाही.

दुसरं कारण पैशाचं आणि तोफांचं. तात्यांचा खजिना चालता-बोलता होता. जे संस्थान वाटेत लागेल तिथल्या राजाला पैसे मागायचे आणि त्याच्या शिपायांना आपल्यात ओढायचं. टोंकच्या नवाबानं स्वतःला कोंडून घेतलं, पण त्याची काही फौज तोफांसकट तात्यांकडे गेली. झालरापाटणला तर राण्याची सगळीच फौज फुटली. तीसच्या वर तोफा मिळाल्या. राण्याकडून पंचवीस लाख मागितले, पाच लाख हाती आले. तिथं पाच दिवस मुक्काम करून शिपायांना तीन महिन्यांचा पगार वाटला: स्वाराला महिना तीस रुपये, पायदळाच्या माणसाला बारा. हा आकडा तात्यांच्या स्वतःच्या जबानीतला आहे. नीट विचार केला तर हाच आकडा पुष्कळ सांगतो. लुटारूंची टोळी महिन्याच्या दरानं पगार वाटत नाही. पगार वाटतं ते सरकार. तात्या स्वतःला एका सरकारचे नोकर समजत होते आणि पळतानासुद्धा त्या सरकारचा हिशोब ठेवत होते.

तिसरं कारण लढाईच्या रीतीचं. भिलवाड्याजवळ सांगानेर, नाथद्वाऱ्याजवळ कोठारिया, राजगड, मंगरौली, सिंधवाहो: जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तात्या हरले. पण हार म्हणजे तोफा टाकून पुढे निघणं. चार दिवसांनी दुसरीकडे नव्या तोफा. कोठारियाच्या लढाईच्या आदल्या दिवशी ते नाथद्वाऱ्याला श्रीनाथजींच्या दर्शनाला गेले होते आणि मध्यरात्री छावणीत परतले. पाठीवर शत्रू असताना देवदर्शनाला जाणारा माणूस फार घाबरलेला नसावा.

त्यांना जायचं कुठं होतं?

नकाशा पुढे घेऊन बसलं की एक गोष्ट चटकन दिसते. साडेनऊ महिन्यांतल्या सगळ्या वाकड्यातिकड्या रेघांमध्ये चार ठिकाणं पुन्हा पुन्हा खेचत राहतात. ग्वाल्हेर, इंदूर, नागपूर, वडोदरा. चारही मराठ्यांच्या राजधान्या.

ग्वाल्हेर जूनमध्ये झालं. झालरापाटणहून तात्या इंदूरकडे वळले. होळकरांच्या शिपायांनी १ जुलै १८५७ ला इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला केलेला होता. पेशव्यांचा माणूस दारात उभा राहिला तर तीच फौज पुन्हा उठेल, ही तात्यांची आशा आणि हीच इंग्रजांची धास्ती. म्हणून मिशेलनं घाईघाईनं मधे येऊन सप्टेंबरच्या मध्यास राजगडजवळ गाठलं आणि जवळजवळ सगळ्या तोफा गेल्या. इंदूर हुकलं.

मग ईसागड, चंदेरी. चंदेरीचा किल्ला शिंद्यांचा. तिथल्या शिंदेशाही शिबंदीनं दार उघडलं नाही. तात्यांनी तीन दिवस तिथं घालवले आणि हात हलवत निघाले. आम्हा ग्वाल्हेरकरांना हे वाक्य जरा सावकाश वाचावं लागतं. पेशव्यांच्या नावानं आलेल्या माणसावर किल्ल्यातून गोळ्या झाडणारे हेही कुणाचं तरी मीठ खाल्लेले लोक होते आणि त्यांनी आपलं काम केलं होतं.

ऑक्टोबरच्या अखेरीस तात्यांनी सगळ्यांना चकवून होशंगाबादच्या वरच्या बाजूला नर्मदा ओलांडली. मुंबई आणि मद्रासच्या गव्हर्नरांची झोप उडाली. नागपूरचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालेलं, भोसल्यांच्या वाड्यातला राग ताजा. पुढे निजामाचा मुलूख, त्यापलीकडे दख्खन. पेशव्यांचा वारस म्हणवणारा माणूस फौज घेऊन नर्मदेच्या दक्षिणेस उतरला, ही बातमी वर्षभर आधी आली असती तर काय झालं असतं, ते सांगता येत नाही. पण १८५८ चा नोव्हेंबर उजाडला होता. मुलताईपर्यंत तात्या पोचले. कामठीची फौज आडवी आली. गावंही उठली नाहीत. वर्षभरात ज्यांनी दिल्ली, लखनौ, झाशीची वाताहत ऐकली होती, त्या शेतकऱ्यांकडून आणखी काय अपेक्षा करणार?

खानदेशाची वाटही बंद झाली. तात्या पश्चिमेला वळले. खरगोणला होळकरांची छोटी तुकडी दोन तोफांसकट सामील करून घेतली. आग्रा-मुंबई रस्ता ओलांडताना तारा तोडल्या, मालाच्या गाड्या लुटल्या. मागे सदरलँडचे गोरे शिपाई उंटांवर बसून येत होते. राजपूरजवळ गाठ पडली, तोफा गेल्या, पण तात्यांनी चिखलद्याजवळ पुन्हा नर्मदा ओलांडली. रोख आता वडोदऱ्याकडे. पार्क आपली तुकडी घेऊन नऊ दिवसांत सुमारे २४० मैल धावला आणि १ डिसेंबरला छोटा उदेपूरला त्यांच्यावर पडला. वडोदरा तिथून दोन-तीन मजलांवर होतं. तेही हुकलं.

चारही दरवाजे असे बंद झाले. आपल्याकडे हा पाठलाग सांगताना तात्यांच्या चपळाईचं कौतुक होतं, आणि ते योग्यच आहे. पण ते नुसते पळत नव्हते. "पेशवा" या एका शब्दाला अजून किती वजन उरलं आहे, ते चार ठिकाणी जाऊन पाहत होते. सरकार एवढं धावलं तेही त्याच कारणानं. काही हजार दमलेल्या स्वारांची भीती कुणाला नव्हती. भीती होती ती मराठी दरबारांतल्या शिपायांना तो शब्द ऐकू जाण्याची.

मधेच राजा बदलला

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. पाठलाग सुरू झाला तेव्हा हिंदुस्थानचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या नावानं चालत होता. २ ऑगस्ट १८५८ रोजी विलायतेच्या पार्लमेंटनं कायदा करून तो राणी व्हिक्टोरियाकडे दिला. १ नोव्हेंबरला अलाहाबादेत लॉर्ड कॅनिंगनं राणीचा जाहीरनामा वाचला. त्या वेळी तात्या नर्मदेच्या दक्षिणेला नुकतेच उतरले होते. म्हणजे ज्या सरकारविरुद्ध त्यांनी हत्यार उचललं ते एक, आणि ज्या सरकारनं त्यांना फाशी दिलं ते दुसरं.

त्या जाहीरनाम्यात माफीचं कलम होतं. ब्रिटिश प्रजाजनांच्या खुनात ज्यांचा प्रत्यक्ष हात शाबीत होईल त्यांना माफी नाही. ज्यांनी खुन्यांना जाणूनबुजून आसरा दिला किंवा जे बंडाचे पुढारी होते, त्यांना फक्त जिवाची हमी. बाकीच्यांनी हत्यार टाकून घरी जावं, झालं गेलं विसरलं जाईल. मुदत १ जानेवारी १८५९ पर्यंत.

म्हणजे तात्यांनी त्या मुदतीत शरणागती पत्करली असती आणि कानपूरच्या हत्याकांडात त्यांचा हात शाबीत झाला नसता, तर जाहीरनाम्याच्या अक्षराप्रमाणे त्यांचा जीव वाचायला हवा होता. सतीचौरा घाटावर २७ जून १८५७ ला जे झालं त्यात तात्यांचा भाग होता, असं इंग्रजांपैकी पुष्कळांचं मत होतं. तात्यांनी ते शेवटपर्यंत नाकारलं. असा माणूस त्या हमीवर विसंबून छावणीत कसा चालत जाईल? ते गेले नाहीत. डिसेंबरभर बांसवाड्याच्या रानातून, प्रतापगडावरून, माळव्यातून ते निसटत राहिले आणि मुदत संपली.

जंगलातली झोप

जानेवारी १८५९ मध्ये इंद्रगडला दिल्लीच्या घराण्यातला शाहजादा फिरोजशाह येऊन मिळाला. दौशाला शॉवर्सनं गाठलं. २१ जानेवारीला सीकरला होम्स येऊन धडकला. त्याच्या लोकांनी वाळूतून चोवीस तासांत ५४ मैल कापले होते. फौज विखुरली.

इथं तात्या रावसाहेबांपासून वेगळे झाले. पळून पळून आपण थकलो होतो, असं त्यांनीच जबानीत सांगितलं आहे. बरोबर तीन घोडे, एक तट्टू, स्वयंपाकाला दोन ब्राह्मण आणि एक मोतद्दार. कालपीपासून सीकरपर्यंत हजारोंना पगार वाटणाऱ्या माणसाचा एवढाच लवाजमा राहिला होता. ते पाडोनच्या जंगलात मानसिंगाकडे गेले.

मानसिंग हा नरवरचा राजा. त्याचं भांडण इंग्रजांशी नव्हतंच. वडिलांच्या जहागिरीवरचा त्याचा हक्क शिंदे सरकारनं मान्य केला नाही म्हणून त्यानं ऑगस्ट १८५८ मध्ये पोहरीचा किल्ला बळकावला. वेढा घालायला आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यालाही त्यानं हेच सांगितलं, की माझं वैर शिंद्यांशी आहे, तुमच्याशी नाही. किल्ला सोडून तो रानात गेला आणि तिथंच त्याची आणि तात्यांची गाठ पडली.

इतक्या फौजांना जे जमलं नाही ते मेजर मीड नावाच्या अधिकाऱ्यानं वाटाघाटीनं जमवलं. मानसिंगाला जिवाचं आणि अब्रूचं अभय कबूल झालं. २ एप्रिलला तो मीडच्या छावणीत आला. त्याला आपली गेलेली जहागीर परत मिळवायची होती, आणि सरकारची मर्जी संपादन करायला त्याच्याजवळ देण्यासारखी एकच गोष्ट होती. ७ एप्रिलच्या रात्री तो मुंबईकडच्या देशी पलटणीचे शिपाई घेऊन जंगलात गेला. तात्या झोपलेले होते. उजाडायच्या सुमारास त्यांना छावणीत आणलं.

यातली गोम ध्यानात घ्यावी. ग्वाल्हेर दरबाराच्या दृष्टीनं राजद्रोही कोण होता? मानसिंग. शिंद्यांची प्रजा, शिंद्यांचा किल्ला घेतलेला. त्याला अभय मिळालं. आणि ज्यानं शिंद्यांचं मीठ कधी खाल्लं नाही, इंग्रजांची नोकरी कधी केली नाही, त्या पेशव्यांच्या माणसाला राजद्रोही ठरवून फाशी झाली.

(मीडचं नाव वडोदऱ्याच्या वाचकांना ओळखीचं वाटेल. मल्हारराव गायकवाडांच्या चौकशीसाठी १८७५ मध्ये जे कमिशन बसलं त्यातला सर रिचर्ड मीड तो हाच. त्याच कमिशनवर जयाजीराव महाराज आणि त्यांचे जुने दिवाण सर दिनकरराव हेही होते.)

आरोप आणि उत्तर

१५ एप्रिलला सिप्रीच्या छावणीत लष्करी कोर्ट बसलं. आरोप असा होता की, जानेवारी १८५७ ते डिसेंबर १८५८ या काळात, आणि खास करून झाशी व ग्वाल्हेर इथं, ब्रिटिश सरकारविरुद्ध बंड केलं आणि युद्ध पुकारलं. आरोपात खुनाचं कलम नव्हतं.

तात्यांचं उत्तर थोडक्यात होतं. कालपी हातची जाईपर्यंत मी माझे धनी नानासाहेब यांच्या हुकमानं वागलो, त्यानंतर रावसाहेबांच्या. कुणा युरोपियन पुरुषाच्या, बाईच्या वा मुलाच्या खुनाशी माझा संबंध नाही. याउपर सांगायचं काही नाही.

हे उत्तर कायद्याच्या भाषेत कसं बसतं ते पाहू. अशा गुन्ह्यांसाठी सरकारनं १८५७ चा अकरावा कायदा केला होता. त्यात बंडाची शिक्षा ब्रिटिश सरकारशी निष्ठेनं बांधलेल्या माणसांना लावली होती. राजद्रोहाचं मूळ सगळीकडे हेच. आधी निष्ठा देणं लागतं, मगच ती मोडल्याचा गुन्हा. नाही तर तो शत्रू, आणि शत्रू पकडला तर तो युद्धकैदी.

तात्या निष्ठा कुणाला देणं लागत होते? ते जन्मले १८१४ च्या सुमारास येवल्याला. तेव्हा पुण्यात पेशवे गादीवर होते. १८१८ मध्ये बाजीराव शरण गेले, वर्षाला आठ लाखांची नेमणूक घेऊन बिठूरला राहिले. तात्या त्यांच्या घरात वाढले. १८५१ मध्ये बाजीराव वारले आणि कंपनीनं नानासाहेबांना नेमणूक चालू ठेवायला नकार दिला. म्हणजे धन्याचं राज्य गेलं, मग पेन्शनही गेलं, आणि नोकर तिथंच राहिला.

दुसरी बाजूही नीट मांडली पाहिजे. सरकारचा वकील म्हणाला असता, बिठूर हे कंपनीच्या मुलखात होतं. चाळीस वर्षं तुम्ही आमच्या राज्यात, आमच्या बंदोबस्ताखाली राहिलात. जो ज्याच्या छत्राखाली राहतो तो त्याच्या निष्ठेला बांधलेला असतो. हा मुद्दा फुकाचा नाही, विलायती कायद्यात त्याला आधार आहे. पण तात्यांना पकडलं पाडोनला आणि फाशी दिलं सिप्रीला. दोन्ही ठिकाणं इंग्रजी मुलखात नव्हती, ती शिंद्यांच्या राज्यात होती. राजा परका, जमीन तिसऱ्याची, आणि आरोप निष्ठाभंगाचा.

१८ एप्रिल १८५९ रोजी फाशी झाली. ती बरोबर होती का, हा प्रश्न पहिल्यांदा आपल्याकडच्याच लोकांनी विचारला असं नाही. बंडाचा मोठा इतिहास लिहिणाऱ्या मॅलेसन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानंच तो विचारला. तात्या जन्मले तेव्हा त्यांचा धनी स्वतंत्र राजा होता, त्या धन्याचं राज्य घेणाऱ्यांची इमानेइतबारे सेवा करायला ते बांधलेले नव्हते, असं त्याचं म्हणणं. तात्यांबद्दल त्याला प्रेम नव्हतं, त्यामुळे या म्हणण्याला जास्त वजन आहे.

फाशी गेले ते तात्या नव्हतेच, कुणी दुसराच होता, अशी कथा आपल्याकडे पुष्कळ सांगतात. मी खटल्याच्या कागदांवर विसंबतो. लोकांना ती कथा का हवीशी वाटते ते मात्र समजतं.

मग आपण काय म्हणायचं?

जयाजीराव महाराजांना या निष्ठेबद्दल तीन लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख मिळाला, फौज थोडी वाढवायला परवानगी मिळाली. ग्वाल्हेरचा किल्ला मात्र इंग्रजांनी आपल्याकडे ठेवला आणि तो १८८६ पर्यंत परत दिला नाही. शहाणपणाचा हिशोब करणाऱ्या दरबारालाही पुरता विश्वास मिळाला नाही, हे नोंदवून ठेवावं.

महाराजांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. १८४३ मध्ये महाराजपूर-पनिहारच्या लढायांत ग्वाल्हेरनं इंग्रजांशी सामना करून पाहिला होता आणि त्याची किंमत मोजली होती. तहावर त्यांची सही होती. दिनकररावांसारखा दिवाण रोज कानाशी होता. वय पुरतं पंचविशीचंही नाही. त्यांनी ज्याला शब्द दिला त्याच्याशी राखला. तात्यांनीही ज्याला शब्द दिला त्याच्याशी राखला. दोघंही मराठी, दोघंही आपापल्या मिठाला जागले, आणि त्यामुळेच एकमेकांसमोर उभे राहिले.

त्या मुलाला आता माझं उत्तर असं: तात्यांनी राजद्रोह केला नाही, कारण ज्या राजाचा द्रोह केला म्हणतात तो त्यांचा राजा कधी झालाच नव्हता. त्यांनी युद्ध केलं आणि ते हरले. हरलेल्या शत्रूला राजद्रोही ठरवणं जिंकलेल्याच्या सोयीचं असतं, कारण शत्रूला फाशी देता येत नाही. "बंडखोर", "फरारी", "राजद्रोही" हे शब्द आपण गॅझेटियरांतून उचलले आणि आपल्या घरच्या गोष्टींतही वापरत राहिलो. निदान मंडळाच्या निबंधांत तरी ते जपून वापरावेत, एवढी माझी सूचना आहे.

आणि एक विनंती. चंदेरी, खरगोण, ईसागड, छोटा उदेपूर या वाटेवरच्या मराठी घरांत त्या सालातले कागद अजून असतील: हिशोबाच्या वह्या, पगारपत्रकं, एखादं घाबरून लिहिलेलं पत्र. कोणत्या बाजूचे आहेत ते पाहू नका. आमच्या घरचे पूर्वज दफ्तरात होते, पण त्यांच्या हातचा एकही चिटोरा आमच्याकडे उरलेला नाही. आजीच्या पिढीतच सगळं रद्दीत गेलं. तुमच्याकडे काही असेल तर ते फेकण्याआधी मंडळाला एकदा दाखवा.